उपाशीपोटी उत्तमराव

गिरणीचा पट्टा पुसता पुसता उत्तमरावांनी ठरवून टाकलं, की समोरच्या पूनमला काहीतरी मोठं दुखणं झालेलं आहे.

आता हे ठरवायला ते काही डॉक्टर नव्हते. पण पिठाची गिरणी चालवणाऱ्याला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं, असं त्यांचं मत होतं (आमच्या बीबी गावात हे मत दुसऱ्या कोणाचंच नव्हतं). एखाद्या घरून एकदम दुप्पट गहू आला, की त्या घरी पाहुणे. भगर आली, की उपास. एकाच घरातून दोन डबे वेगवेगळे यायला लागले, की भावाभावांनी चुली वेगळ्या मांडल्या. डब्याचं झाकण उघडायचं, बोटांनी दाणे चाळायचे आणि त्या घराची कुंडली सांगायची, ही त्यांची विद्या.

"हरिओमच्या घरून ज्वारी कमी येऊन राह्यली," ते बायकोला म्हणाले.

रुखमाबाई भाकरी थापत होत्या. "पोळ्या खात असतील."

"गहूबी कमी! एक माणूस बरोबर जेवूनच नाही राह्यलं त्या घरात. अन् ते माणूस म्हंजे हरिओमची बायको. पूनम."

"हे तुमाले गव्हानं सांगितलं?"

"गव्हानं अर्धं सांगितलं. अर्धं मी पाह्यलं."

पाहिलेलं असं होतं. आमच्या गल्लीत दिवसा दार लावायची पद्धत नाही. दिवसा दार लागलं, की आत भांडण तरी असतं, नाहीतर आजारपण. आणि पूनमचं दार महिन्याभरापासून रोज सकाळी, तिच्या बसच्या आधी, थोडा वेळ बंद व्हायचं. गिरणीच्या पायरीवरून मान थोडी वाकडी केली, की तिच्या खिडकीतून आतलं दिसतं (थोडी म्हणजे बरीच, संध्याकाळी रुखमाबाईंना त्यांच्या मानेला तेल चोळावं लागलं). पूनम एका खुर्चीवर बसलेली, पाय दुसऱ्या खुर्चीवर, हातात वाटी. वाटीत काहीतरी पांढरं, पातळ. चमच्यानं खात होती. डोळे मिटून.

"डोळे मिटून, चमच्यानं, पांढरं पातळ! बरं माणूस असं खाते काय, तूच सांग."

रुखमाबाईंचा हात भाकरीवर थांबला. "अवं माय! पेज?"

ती पेज नव्हती. ते ओट्स होते. पण हे विचारल्याशिवाय कसं कळणार, आणि विचारणं उत्तमरावांच्या पद्धतीत बसत नव्हतं. ते ओळखत.

खरी गोष्ट अशी, की पूनम लोणारला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. तिथं सकाळी सगळी माणसं उपाशीपोटी येतात आणि काढणारीही उपाशीच पोचायची. पहाटे उठून सासूबाईंचा चहा, हरिओमचा डबा, पोरांचे डबे, पोरांचे मोजे, हरवलेला दुसरा मोजा, असं करता करता बस यायची आणि तिच्या पोटात सकाळचा अर्धा कप चहाच असायचा. एक दिवस सुलतानपूरच्या एका म्हाताऱ्या बाबांच्या दंडाला रबर बांधता बांधता तीच घेरी येऊन खाली बसली. बाबांनीच तिला पाणी पाजलं. "पोरी," ते म्हणाले, "मी बिमार आहो म्हणून उपाशी आहो. तू काऊन?"

घरी येऊन पूनमनं दोन गोष्टी ठरवल्या. एक, काहीतरी खाऊनच निघायचं. दोन, बसून खायचं, दार लावून, "माझा टॉवेल कुठं आहे?" हे ज्या जागी ऐकू येत नाही अशा जागी. मग ती लोणारहून ओट्सचं पाकीट घेऊन आली. दूध तापलं की त्यात मूठभर ओट्स, गुळाचा खडा, वरून शेंगदाण्याचा कूट. दुसरा मोजा सापडायच्या आत नाश्ता तयार. नवऱ्याला आणि पोरांना तिनं सांगून ठेवलं, "ही दहा मिनटं मी घरात नाही असं समजा." आणि पोरं समजली. नवरासुद्धा समजला, म्हणजे बघा. महिन्याभरात तिच्या पोळ्या कमी झाल्या, अंग हलकं झालं आणि चेहऱ्यावर तेज आलं. गल्लीत इतकी कामं करणाऱ्या बाया खूप आहेत, पण स्वतःसाठी दहा मिनिटं मागून घेणारी ही पहिलीच.

पण उत्तमरावांचं निदान आता गिरणीच्या पट्ट्यावर चढलं होतं. रुखमाबाईंनी शेजारच्या ताहेराला सांगितलं. ताहेरा ब्लाउज शिवते. तिनं लगेच पुरावा जोडला, "मले तं पह्यलेच शक आला होता भाभी. परवा दोन ब्लाउज आत घ्याले देऊन गेली." मग काय, सकाळी जे 'पोटाचं' होतं ते दुपारी 'आतड्याचं' झालं, आणि संध्याकाळी चौकात ताहेराचे यजमान बद्रुद्दीनभाई मोटार वाइंडिंग करता करता गिऱ्हाइकाला सांगत होते, की पूनमला संभाजीनगरला नेणार आहेत, फक्त तारीख मिळायची आहे.

आजारी माणसाला भेटायला गेलं नाही तर लोक काय म्हणतील? पण पूनम दिवसभर लोणारला. भेटायची तर एकच वेळ होती. सकाळी, तिच्या बसच्या आधी.

दुसऱ्या दिवशी दार लागलं रे लागलं, की कडी वाजली. रुखमाबाई मऊ भात घेऊन उभ्या.

"काकू, काय झालं?"

"मले काय होते! तू सांग. लपवू नको बाई आमच्यापासून. यायनं सगळं ओळखलं."

"मी बरी आहे, काकू."

"हाव हाव," रुखमाबाई तिची पाठ थोपटत म्हणाल्या, "सगळे असंच म्हणतात." मग त्यांची नजर वाटीकडे गेली. "हेच काय ते?"

"हे ओट्स आहेत. नाश्ता आहे माझा."

"नाव काही असो बाई. गुण आला पाह्यजे."

आलेल्या माणसाला चहा न देता पाठवायचं हे काही आपल्याकडे होत नाही. पूनमनं चहा ठेवला. तेवढ्यात ताहेरा साबुदाण्याची खीर घेऊन आली. आणखी दूध. तेवढ्यात बद्रुद्दीनभाई नारळ घेऊन आले आणि दारात उभं राहून म्हणाले, "बेटी, हिंमत हारायची नाही." वाटीतले ओट्स घट्ट होऊन खापरासारखे झाले. पूनम धावत बसला गेली. उपाशी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी केळी.

गिरणीच्या पायरीवरून उत्तमराव समाधानानं हे बघत होते. आपण वेळेवर ओळखलं म्हणून पोरीला गल्लीचा आधार मिळाला, असं त्यांना वाटत होतं.

त्याच आठवड्यात त्यांना स्वतःची शुगर तपासायची होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रात्रीपासून काही खायचं नाही, सकाळी लॅबमध्ये जायचं. उत्तमराव पहिल्याच बसनं निघाले. पूनम आपलीच, आपला नंबर पहिला लागेल, परतून दुपारचं दळण सुरू करू, असा हिशेब. निघताना बायकोला म्हणाले, "आज पूनमकडे एकटी नको जाऊ. भजनी मंडळाच्या बाया घेऊन जा. दोन अभंग म्हणा. पोरीले बरं वाटंल."

लॅबमध्ये बाकावर बरीच माणसं बसली होती, सगळी उपाशी. समोर कचोरीवाला. तेलात कचोरी सोडल्याचा चर्र आवाज आला, की सगळा बाक एकदम गिळायचा. बसची वेळ झाली, पूनम आली नाही. पुढची बस आली, त्यातही नाही. एक आजी बाकावरच आडव्या झाल्या. सुलतानपूरचे ते म्हातारे बाबाही होते, ते भिंतीला डोकं टेकून बसले. उत्तमरावांच्या डोळ्यांपुढं कचोऱ्या तरंगायला लागल्या.

"काय बेपर्वाई आहे!" ते ओरडले. सगळ्यात मोठ्यानं तेच. "इथं माणसं उपाशी मरून राह्यली अन् बाईचा पत्ता नाही! जबाबदारी नावाची काही गोष्ट?"

"बरोबर आहे," बाक म्हणाला.

तेवढ्यात पूनम धावत आत आली. कपाळाला बुक्का, केसांत कोणीतरी खोवलेलं झेंडूचं फूल, हातात अर्धा नारळ.

"माफ करा हो," ती धापा टाकत म्हणाली. "घरी भजन होतं. आरती सुरू असताना उठता येईना."

"कायचं भजन?" आजींनी विचारलं.

"माझ्या तब्येतीसाठी."

"अवं माय! काय झालं तुले?"

"ते मलेबी माहीत नाही आजी." पूनमनं हातमोजे चढवले. "उत्तमकाकायले विचारा. त्यायलेच माहीत आहे."

सगळा बाक उत्तमरावांकडे वळला. ते कचोरीवाल्याकडे बघायला लागले.

पूनमनं कोणाला काही बोलून दाखवलं नाही. आधी आजी, मग बाबा, मग लेकरू घेऊन आलेली बाई. "मूठ आवळा, आजी... झालं." खरंच झालेलं असायचं. एकाही माणसाला तिनं दुसऱ्यांदा सुई टोचली नाही. एवढी घाई, पोटात काही नाही, आणि हात कसा गिरणीच्या दगडासारखा स्थिर (उत्तमरावांची यापेक्षा मोठी स्तुती नाही). त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. त्यांचंही एका टोचण्यात झालं.

"आता काही खा, काका. अन् दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. डबा आणला?"

"डबा? मले वाटलं, एकदाच घेता."

पूनमनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. मघापासून स्थिर असलेल्या तिच्या हातातून झाकण दोनदा निसटलं. ती कपाटाला धरून स्टुलावर बसली.

"पूनम! काय होऊन राह्यलं तुले?"

"भूक लागली काका. बाकी काही नाही. चार दिवस झाले, सकाळी पोटात काही जात नाही. रोज कोणीतरी मले भेटाले येते."

उत्तमरावांनी दंडावरचा कापूस उगाच पुन्हा दाबला.

डब्यात ओट्स होते. आज निघायच्या घाईत तिनं तसेच भरून आणले होते. तिनं अर्धे झाकणात काढले आणि ते त्यांच्या पुढं सरकवले. ते नको नको म्हणाले. "खा काका, तुमाले घेरी आली तर मले पुन्हा भजन ऐकावं लागंल."

त्यांनी भीत भीत चमचा तोंडात घातला. दूध. गूळ. शेंगदाण्याचा कूट. हे तर आपलंच सगळं! आणि दळल्याशिवाय धान्य इतकं मऊ होतं, याचं एका गिरणीवाल्याला जेवढं वाईट वाटायला पाहिजे तेवढं वाटून झाल्यावर त्यांनी दुसरा चमचा घेतला.

समोर पूनमनं पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवले आणि डोळे मिटले. उत्तमरावांनी विचारायला तोंड उघडलं. पाकीट कुठं मिळते, घरात कोण कोण खाते, हरिओम काही म्हणत नाही काय?

"काका," डोळे न उघडता पूनम म्हणाली, "दहा मिनटं."

उत्तमरावांनी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा ते एका जागी बसून, कोणाला काहीही न विचारता, फक्त खात होते. कचोरीवाला चुपचाप, बाक रिकामा, खिडकीतून ऊन. पूनमच्या गालावर हळूहळू रंग परत येत होता. पोरीचं बरोबर आहे, त्यांना वाटलं. हे औषध नव्हतं आणि आजारपणही नव्हतं. हे शहाणपण होतं. घरी जाऊन सगळ्यांना सांगायचं, त्यांनी ठरवलं, पोरगी ठणठणीत आहे, सकाळी तिच्या दाराला हात लावायचा नाही.

रिपोर्ट मिळेपर्यंत थांबून उत्तमराव संध्याकाळी गावात आले तेव्हा वीज नव्हती, गिरणी बंद होती, अंग आंबलं होतं. सांगायचं काम त्यांनी सकाळवर ढकललं आणि झोपले.

सकाळी डोळे उघडले तर उशाशी रुखमाबाई. डोळे लाल. हातात मऊ भात, मीठ नाही, तिखट नाही.

"हे काय?"

"खा. लपवू नका आता."

बाहेर ओसरीत ताहेरा बसली होती, खिरीचं भांडं घेऊन. बद्रुद्दीनभाई नारळ घेऊन उभे होते. दाराशी चपलांचा ढीग.

"अरे, मी बरा आहो!"

"हाव हाव," ताहेरा म्हणाली, "सगळे असंच म्हणतात."

"पण तुमाले सांगितलं कोणं?"

"पूनमनं. बिचारी जास्त काही बोलली नाही. इतकंच म्हणे, की उत्तमकाकायनं काल लॅबमधी ओट्स खाल्ले, अन् दहा मिनटं एक शब्दबी बोलले नाही."

बद्रुद्दीनभाईंनी हळूच नारळ खाली ठेवला. "उत्तमभाऊ दहा मिनटं बोलले नाही?" ते गंभीरपणे म्हणाले. "मंग तं लईच वाढलं आहे."

भजनी मंडळाच्या बाया टाळ घेऊन आत शिरल्या. गर्दीच्या फटीतून उत्तमरावांना समोरचं घर दिसत होतं. पूनमचं दार बंद होतं. सगळी गल्ली इकडं असल्यामुळं त्याची कडी वाजवायला तिकडं कोणीच उरलं नव्हतं. पहिला अभंग संपला, तेव्हा दार उघडलं. केस विंचरलेले, चेहरा हसरा, पोट भरलेलं. खांद्याला पिशवी अडकवून पूनम आरामात बसकडे निघाली.

"आराम करा हो काका!" तिनं रस्त्यावरून आवाज दिला.

उत्तमरावांनी सगळ्यांना खरं काय ते सांगायला मोठं तोंड उघडलं. रुखमाबाई त्याचीच वाट बघत होत्या. त्यांनी त्यात मऊ भाताचा चमचा घातला.