नवीन बिट कशाला?

आमच्या इमारतीत कोणी भिंतीला ड्रिल लावलं, की पाचव्या मिनिटाला तळमजल्याचे राणे दारात उभे. आवाजाची तक्रार करायला नव्हे, ड्रिलचं बिट, म्हणजे भोक पाडणारा दांडा, बघायला. सुताराच्या हातून ते काढून घेतात, टोकाला बसवलेल्या कार्बाइडच्या कठीण टिपेवर फुंकर मारतात आणि बजावतात, "फेकू नका. नवीन कशाला?"

मुलांनो, तुमच्याकडे बिट बोथट झालं की कचऱ्यात जातं. राण्यांचा चारकोपचा गाळा अशा कचऱ्यावरच चालतो. मोडक्या बिटांच्या चांगल्या टिपा तापवून सोडवायच्या आणि दुसऱ्या पोलादी दांड्यांवर ब्रेझिंग करून, म्हणजे पक्का डाख देऊन, पुन्हा बसवायच्या. मध्ये वितळणारी चांदीमिश्रित पट्टी ते इतकी बारीक कापतात, की गाळ्यात पंखा लावायला बंदी आहे. माझ्या पुतणीला लग्नात त्यांनी आहेर म्हणून सहा बिटं दिली. जुनीच, टिपा बदललेली.

शिवाय हा माणूस कधी चुकत नाही. लिफ्ट भलत्या मजल्यावर थांबली तर मजलाच चुकला म्हणेल.

त्यामुळे त्यांनी दिलेल्या बिटाची टिप माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीत अडकून राहिली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. उरलेलं बिट रुमालात गुंडाळून मी दुपारी थेट गाळ्यावर गेले.

राणे एकटेच होते. त्यांचे म्हातारे कारागीर, दत्तारामदादा, जेवायला गेले होते. दादांनी सकाळी बसवलेल्या टिपा राणे एकेक करून तापवून काढत होते आणि नवी पट्टी घालून पुन्हा बसवत होते. चांदी दुप्पट जात होती. माझं बिट टेबलावर ठेवून, हे काय, म्हणून मी विचारलं.

"दादांना हल्ली लाल रंग कळत नाही, वहिनी," ते हळूच म्हणाले. "आणि पोलाद पुरतं तापलं की नाही, ते रंगावरूनच ओळखायचं असतं. घरी बसा म्हटलं तर महिनाभर टिकायचे नाहीत ते. तुमचं बिट माझ्या नजरेतून सुटलं."

तेवढ्यात दादा आले. टेबलावरचं माझं बिट उचलून त्यांनी टिपेच्या रिकाम्या खाचेवर अंगठा फिरवला.

"ह्या कोणी केल्यान?"

"मी, दादानू."

मग माझ्यादेखत दादांनी मालकाला फैलावर घेतलं. "रंग बघ, रंग बघ, किती वर्सां सांगतंय! डोळे आसत मा तुका?"

"चुकला माझा," राणे म्हणाले.

दादांनी गॅस पेटवला, एक दांडा ज्योतीत धरला आणि लाल रंग कसा ओळखायचा ते राण्यांना पहिल्यापासून शिकवायला घेतलं. राणे शेजारी उभे राहून लक्ष देऊन पाहत होते.