डोंगर सावडीला गेला

त्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस दम धरून बसला होता. वारा मात्र मोकाट सुटला होता, कारण बोडक्या डोंगर जागेवर नव्हता.

एरवी पश्चिमेचा वारा बोडक्याला धडकायचा आणि गावाच्या डोक्यावरून निघून जायचा. त्या दिवशी तो सरळ निगुडवाडीत शिरला. वाळत घातलेली धोतरं, लुगडी, पंचायतीच्या दारावरचा 'झाडे लावा'चा फलक, जे हाताला लागलं ते उचलून त्यानं मारुतीच्या पारावर नेऊन टाकलं. लोकांनी आपापले कपडे ओळखून घरी नेले. घराघरांत मोबाइलला रेंज आली म्हणून काही जण खूशही होते.

डोंगर होता तिथली जमीन ओली, काळीभोर दिसत होती, मोठा दगड उचलल्यावर खाली असते तशी. गांडुळं इकडून तिकडे चालली होती. त्यांना काही घाई नव्हती.

गेनूबाबा ढेबे त्या डोंगराचे राखण्ये. कुऱ्हाड घेऊन कुणी वर जाऊ नये, वणवा लागू नये, हे बघायचं काम गावानं त्यांच्याकडे दिलेलं. बकऱ्या घेऊन ते रोज तिथंच बसायचे. शेजारचा चिमाजी मरगळे त्यांच्या अंगणात आला आणि म्हणाला, "आबा, डोंगर कुठं दिसत नाही?"

"पारवाडीला गेलाय. सावडीला."

सावड म्हणजे आज मी तुमच्या कामाला यायचं, उद्या तुम्ही माझ्या कामाला. त्या भागात शेतीची कामं अशीच होतात, आणि अलीकडे झाडं लावायची कामंही.

"तुम्ही धाडला?"

"धाडला असं नाही. काल वर बसलो होतो. म्हटलं, पारवाडीत तळ्याच्या बांधावर झाडं लावायचीत, घरटी एक माणूस बोलावलंय. माझे गुडघे हे असे, ठकूची कंबर तशी. आमच्या घरातून कोण जाणार? एवढंच बोललो."

"मग तो काय म्हणाला?"

"डोंगर काय म्हणणार, चिमाजी? डोंगर कधी बोलतो का?"

चिमाजीनं विचार केला. डोंगर बोलत नाही, हे त्याला पटलं.

चुलीपुढून ठकूबाई म्हणाल्या, "जायचं तर जाऊ दे की. पण माझ्या माहेरी जायचं अन् अंगावर झाडाची एक काडी नाही. माझी बहीण काय म्हणंल? एवढ्या वर्षांत नवऱ्याला एक डोंगर नीट ठेवता आला नाही, असंच म्हणंल ना?"

 बाई खोटं बोलत नव्हती. बोडक्याची माती दरसाल ओढ्यानं वाहून जायची. गेनूबाबा लहान असताना त्याच्याआड सूर्य लवकर मावळायचा. आता उशिरा मावळत होता. असंच चाललं तर आपल्या डोळ्यांदेखत त्याचं टेकाड होणार, ही धास्ती त्यांनी मनात धरली होती. तेवढ्यासाठी तर गावानं डोंगरनिधी मागितला होता. तो मिळाला की चर खणायचे, दगडाचे बांध घालायचे, रोपं लावून कुंपण करायचं, असं सगळं ठरलं होतं.

आणि नेमकी त्याच दिवशी निधीची जीप आली.

जीपमधून घोलप नावाचे साहेब उतरले. सरपंच तालुक्याला गेलेले, म्हणून साहेब राखण्याकडेच आले. रिकाम्या जागेकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"डोंगर बाहेरगावी आहे का?"

"जी. श्रमदानाला गेलाय."

"चांगली गोष्ट आहे," साहेब म्हणाले. "पण पाहणीच्या वेळी डोंगर हजर पाहिजे. नियमात तसं लिहिलेलं नाही, कारण आजवर तशी वेळ आली नव्हती. पण नियमाचा अर्थ तोच निघतो. गैरहजर डोंगराला निधी देता येत नाही."

"उद्या नाही का चालणार?"

"पाहणीची मुदत आज संपते, बाबा. उरलेला निधी दुसऱ्या तालुक्याला जाईल. दिवस मावळेपर्यंत मात्र मी थांबू शकतो."

"मग बसा. ठकू, साहेबांना भाकरी दे."

चिमाजीनं मोटरसायकल काढली, गेनूबाबा मागं बसले, आणि दोघं पारवाडीला निघाले.

बोडक्या लांबूनच दिसला. तळ्याच्या काठाला तो ऐसपैस बसला होता. त्याच्या आडोशाला वारा लागत नव्हता, म्हणून सगळी माणसं तिथंच जेवायला बसली होती. जवळ गेल्यावर गेनूबाबांचे पाय थांबले. तळ्याकडच्या बाजूनं बोडक्याच्या अंगभर रोपं लावली होती. जांभूळ, करंज, आवळा, मधूनच बांबू. आणि बांध तसाच रिकामा पडला होता.

"या दाजी!" हौसाबाईनं हाक मारली. ही ठकूबाईची धाकटी बहीण, आणि पारवाडीत झाडं लावायचं असो नाहीतर लग्न लावायचं असो, शब्द तिचाच चालायचा. "स्वतः यायचं जिवावर आलं अन् डोंगर धाडला व्हय?"

"हौसे, हे काय केलंस?"

"झाडं लावली."

"बांधावर लावायची होती ना?"

"बांधावरच लावायची होती. सकाळी आम्ही कुदळी घेऊन आलो, तर हा आधीच येऊन बसलेला. अंगावर चिंधी नाही. आता दाजींच्या घरनं आलेला पाहुणा उघडा बसणार अन् आम्ही आमचा बांध नटवणार? बरं दिसतं का ते? माझ्या अक्काला काय तोंड दाखवू? सगळी रोपं ह्यालाच लावली."

गेनूबाबांनी एका जांभळीच्या पानाला हात लावून पाहिला.  मग त्यांनी साहेबांचं सांगितलं आणि म्हणाले, "तर डोंगर न्यायला आलोय."

"नेताय कसा?" हौसाबाई म्हणाली. "ज्यानं झाड लावलं त्यानं तीन वर्षं पाणी घालायचं, ही इथली रीत. आम्ही लावली, आम्ही घालणार. राहू द्या की त्याला इथं तीन वर्षं. जावयाचा डोंगर आम्हाला जड नाही. अन् तुम्हाला त्या बोडक्याचं एवढं कसलं कौतुक?"

"तीन वर्षं मी बकऱ्या घेऊन कुठं बसू, हौसे?"

त्यांनी हे इतकं हळू विचारलं, की जेवणारे दोघेचौघे घास हातात धरून थांबले. हौसाबाईचीही थट्टा जिरली.

"रीतच म्हणशील," गेनूबाबा पुढं म्हणाले, "तर सावडीला आलेल्याला दिवस मावळायच्या आत घरी सोडायचं, हीपण रीतच आहे."

हौसाबाई बांधावर बसली. तिनं पान लावलं, तोंडात टाकलं आणि निवांत चघळत विचार केला. दोन्ही रीती खऱ्या होत्या आणि दोन्ही तिच्याच गावच्या होत्या.

"मग एकच उरतं," ती म्हणाली. "झाडं तिकडं जाणार, तर पाण्याला तळ्यानं जावं."

"तळं येईल?"

"विचारावं लागंल. गावाचं तळं आहे, त्याच्या वतीनं मी शब्द द्यायची नाही. आज डोंगर घेऊन जा. तळ्याच्या मनात असलं तर उद्या सकाळी येईल. नाही आलं, तर दाजी, डोंगर माघारी धाडायचा. लावलेली रोपं मी वाळू देणार नाही."

"धाडीन," गेनूबाबा म्हणाले. शब्द तोंडातून निघायला त्यांना जड गेला, पण रोपं वाळावीत असं त्यांनाही वाटत नव्हतं.

पाहुण्याला रिकामं पाठवत नाहीत. पारवाडीकरांनी बोडक्याला गंध लावलं, नारळ दिला, टॉवेल-टोपी केली. टोपी माथ्यावर ठेवली ती वाऱ्यानं लगेच उडाली, पण मान राखला गेला.

परतताना मोटरसायकल पुढं आणि डोंगर मागं, असे ते निघाले. रोपं हलू नयेत म्हणून डोंगर जपून चालत होता. वळणावर समोरून एसटी आली. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेऊन वाट दिली. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "कुठवर?"

"निगुडवाडी," चिमाजी म्हणाला.

"मग जाऊ द्या. आम्ही तिकडूनच आलो."

दिवस कलता कलता बोडक्या आपल्या जागेवर येऊन बसला. गांडुळं आधीच बाजूला झाली होती. वारा पडला, मोबाइलची रेंज गेली. फक्त एक झालं. बसताना डोंगर उलटा बसला. कालपर्यंत गावाकडे असलेली बाजू मागं गेली, आणि तिच्यावर लावलेली झाडंही तिकडेच. गावाकडे आली ती मागची बाजू, म्हणजे जिच्यावर गवताशिवाय काही नाही अशी.

घोलप साहेबांनी हात धुतले आणि पाहणी सुरू केली.

"अगदी बोडका आहे," ते समाधानानं म्हणाले.

चिमाजीनं गेनूबाबांना कोपरानं ढोसलं. पण गेनूबाबांच्या पोटात काही राहत नसे.

"साहेब, मागल्या अंगाला झाडं लावलीत. आजच लावलीत."

"मागं?"

"जी."

साहेबांनी थोडा विचार केला. "पाहणी दर्शनी बाजूची असते, बाबा. डोंगराच्या पाठीमागं जाऊन बघणं कार्यालयाला शोभत नाही. मात्र मागं लोकांनी श्रमदान केलेलं असेल तर पुढं निधी द्यायला हरकत कसली? उलट बरंच झालं." मग त्यांनी मान वर करून डोंगराला विचारलं, "तुमची काही तक्रार?"

डोंगर काही बोलला नाही.

"तक्रार नाही," साहेब म्हणाले. निधी मंजूर झाल्याचं त्यांनी तिथंच सांगितलं, ठकूबाईंच्या झुणक्याची तारीफ केली आणि जीपमध्ये बसले.

निगुडवाडीत गूळ वाटला. लोक डोंगराच्या मागं जाऊन रोपं बघून आले. ठकूबाई कंबर धरून तिथवर गेल्या आणि माहेरच्या माणसांनी केलेलं काम सगळ्यांना पुन्हा पुन्हा दाखवत राहिल्या. गेनूबाबांनी मात्र गूळ हातातच धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बकऱ्या सोडल्या नाहीत. उंबऱ्यावर बसून ते रस्त्याकडे बघत राहिले. ऊन पडलं होतं, आणि बकऱ्या ओरडत होत्या.

"हौसा शब्दाची पक्की आहे," ते म्हणाले. "तळं आलं नाही, तर न्यावाच लागंल त्याला."

"बघू," ठकूबाई म्हणाल्या. "मी त्या तळ्याचं पाणी पिऊन मोठी झाले. इतकं काही कोरडं नाही ते."

तेवढ्यात रस्त्यानं चिमाजी येताना दिसला. तो धावत नव्हता, पण रोजच्यापेक्षा भराभर चालत होता. कुंपणापाशी थांबून त्यानं टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाला, "आबा, पारवाडीचं तळं आलंय. वेशीपाशी थांबलंय, बगळेबिगळे सगळे संगं घेऊन. लेकीच्या गावाला पहिल्यांदाच आलंय ना, म्हणून दबकतंय वाटतं. तुम्ही दोघं पुढं होऊन त्याला आत घ्या, मी तोवर वाटेतली गुरं बाजूला करतो."