चार किलोचं हँडल

हमीदचाचांच्या घरी गेलेल्या माणसाचं वजन होत नसे, एवढीच काय ती सवलत होती. बाकी त्याच्याजवळचं सगळं काट्याला लागायचं. वर कडी, खाली आकडा आणि मध्ये स्प्रिंग असलेला, रद्दीवाल्यांकडे असतो तसला ताणकाटा चाचांच्या खांद्यावरच्या पिशवीत कायम असे. एकदा त्यांनी माझी छत्री लटकावली.

"गुरुजी, सहाशे चाळीस. मूठ काढली तर पाचशेच्या आत येतीय."

"मग धरायची कुठं?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी फकस्त फुकटचं वजन दाखवलं."

'फुकटचं वजन' हे दोन शब्द सगळ्या राहू गावाला पाठ झाले होते. चाचा तीस वर्षं दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. तिथली कुठलीही वस्तू क्रेनशिवाय जागची हलत नसे. त्यामुळे निवृत्त होऊन गावी आले ते लोखंडाशी जुनं भांडण घेऊनच. आल्या आल्या त्यांनी सायकलचे मडगार्ड, कॅरिअर, घंटी आणि स्टँड उतरवला. मग ती सायकल ज्या भिंतीला टेकलेली दिसे, त्या घरात चाचा चहा पीत आहेत असं समजावं.

ग्रामपंचायतीने त्यांचा सत्कार केला, तेव्हा प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालू असतानाच त्यांनी सन्मानचिन्ह आकड्याला अडकवलं. "दोन किलो शंभर," ते सरपंचांना म्हणाले, "लाकूडच हाय सगळं." भाषण मोजायची सोय नव्हती, नाहीतर तेही लटकलं असतं.

अशा माणसाच्या दारात ती चार चाकांची परदेशी फटफटी आली. नदीकडेला पुण्याच्या एका साहेबांचं फार्महाऊस होतं. साहेबांनी हेल्मेट, गॉगल, हातमोजे घालून दोन रविवार ती उडवली आणि तिसऱ्या रविवारी उसाच्या फडात रुतवली. बैलांनी ओढून काढल्यावर ती ताडपत्रीखाली गेली. चाचांनी साहेबांची विहिरीवरची मोटार दुरुस्त करून दिली आणि मोबदला म्हणून हे धूड घरी आणलं. हँडल मोटारसायकलचं, टायर ट्रॅक्टरच्या लेकरासारखे, गिअर नाहीतच. उजव्या अंगठ्याने दाबलं की पळते. गावाने तिला 'बेडूक' म्हणायला सुरुवात केली.

चाचांनी पहिल्याच दिवशी काट्याचा आकडा हँडलच्या टोकाला अडकवून ओढलं. हँडल वळायला अकरा किलोचा जोर लागला.

"चारात आलं पायजे," चाचा म्हणाले.

"चारच का?"

"इंजिनिअरिंग हाय ते."

रेल्वेतल्या माणसाने इंजिनिअरिंग म्हटलं की शाळामास्तराने गप्प बसावं.

पुढे दोन महिने ते त्या चारच्या मागे होते. दोष पुढच्या चाकांचा होता. लोखंडी डिस्क आणि जाडजूड टायर मिळून एकेक चाक तेरा किलोचं. शेडमधल्या एका जुन्या सोबत्याने मुंबईच्या भंगार बाजारातून ॲल्युमिनियमच्या दोन डिस्का पाठवल्या. त्यांची भोकं जुळेनात, म्हणून चाचा त्या पिशवीत घालून तीनदा दौंडच्या लेथवर गेले. मग हलके, अरुंद टायर मागवले. मला वाटलं, साहेबांची हौस फिटली, आता यांची सुरू झाली.

मग एका संध्याकाळी मी सहज त्यांच्याकडे गेलो. ताणकाटा तुळईला टांगलेला होता. खाली बाजेवर जैबूनचाची बसल्या होत्या आणि आकडा डाव्या हाताने खाली ओढत होत्या. ओठ घट्ट मिटलेले. चाचा वाकून काट्यावरचे किलो वाचत होते.

"चार," ते म्हणाले. "परवा साडेतीन व्हतं."

चाचींना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू शाबूत राहिली. डावा पाय ओढत, डावा हात असून नसल्यासारखा. त्याआधी दीड मैलावरच्या मळ्यात त्या रोज पायी जात. वांगी, कांदे, मेथी सगळं त्यांच्या हातचं. आजारानंतर चाचांनी त्यांना एकदा बैलगाडीत बसवून नेलं. परत आल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "पोत्यावानी नका न्हेऊ मला. जाईन तर माझी मी जाईन, न्हाईतर ऱ्हाऊ द्या." त्यानंतर त्या मळ्यात गेल्याच नाहीत.

मी चार किलोबद्दल पुन्हा काही विचारलं नाही.

टायर आले. डिस्कवर चढवायला आम्ही चाकं यवतला बाळूच्या पंक्चरच्या दुकानात टाकली आणि चहाला गेलो. परत आलो तर दोन्ही चाकं तयार. चाचांनी काटा काढला. एका चाकाचे साडेसात किलो यायला हवे होते. आले अठरा. चाचांनी काटा झटकला, पुन्हा लावला. पुन्हा अठरा.

"बाळू, काय भरलंस ह्याच्यात?"

"पाणी," बाळू शांतपणे म्हणाला. "पाऊण टायर."

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला लागतंय? खाचांचा टायर दिसला की भरतो. ट्रॅक्टरवाले मागं लागून भरून घेत्यात. वजन असलं की चिखलात घसरत न्हाई, चाचा."

"अरं, वजन कमी कराय दोन म्हयनं घालवलं मी."

बाळूने चाचांकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पन वजन कमी कशाला करायचं?"

 टायर उतरवून चाचांनी सगळं पाणी ओतलं आणि स्वतःच्या टॉवेलने दोन्ही आतून पुसायला बसले.

"थेंब ऱ्हायला तर काय व्हतंय?" बाळू म्हणाला.

"तुझ्या हाताला काय व्हनार न्हाई," चाचा म्हणाले.

शुक्रवारी हँडल पावणेचारात वळलं. चाचा आणखी दोन दिवस थांबायला तयार होते, चाची नव्हत्या. त्या बेडकावर बसल्या, डावा हात उजव्या हाताने उचलून मुठीवर ठेवला आणि अंगणात चार फेऱ्या मारल्या.

"मी येतो मागनं," चाचा म्हणाले.

"कशाला? सायकलवर पुढं पळाया? बाजूला व्हा."

त्या पाटाच्या कडेने माणसाच्या चालीने गेल्या. आवाज लहान होत गेला आणि मग थांबला.

"जाऊन बघू का?" मी विचारलं.

"नगं. मळा आला असंल."

आम्ही ओट्यावर बसलो. अर्धा तास गेला, मग तास. चाचा एकदा उठले, रस्त्यापर्यंत गेले, परत आले. "दोन वर्सांत आज पयल्यांदा घरात एकटा हाय," ते म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागले.

लांबून फटफट ऐकू आली. चाचा झटकन आत गेले, बाजेवर आडवे झाले आणि तोंडावर चादर ओढली. "कवाचा झोपलोय म्हनून सांगा."

चाची वांग्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन आल्या. उतरायला वेळ लागला. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"झोपलं व्हय?"

"कधीचे."

त्यांनी आत पाहिलं. चादरीबाहेर चाचांचे दोन पाय दिसत होते, चपलांसकट, धुळीने भरलेले. चाची पाय ओढत बाजेशी गेल्या, वाकल्या आणि उजव्या हाताने एक चप्पल काढून खाली ठेवली.

दुसरी काढायला त्यांनी डावा हात लावला. बराच वेळ लागला. चाचा तोवर झोपेतून हलले नाहीत.