भिकूकाकांचा अर्धा जप

आमचे शेजारी भिकूकाका जप कधी पुरा करत नाहीत. "जय जय राम कृष्ण..." एवढं खणखणीत म्हणतात आणि थांबतात. पुढचं 'हरी' समोरच्याने म्हणायचं. नाही म्हटलं तर हे आपले वाट बघत उभे.

मी तुयेच्या कारखान्यात दिवसभर उभी राहून इब्रामपूरला परतते, ती पाय ओढतच. घोटभर चहा घ्यावा, पाठ टेकावी, एवढीच इच्छा. तर कुंपणापलीकडून यायचंच, "जय जय राम कृष्ण..." 'हरी' म्हटल्याशिवाय कुलपात किल्ली घालायची सोय नाही. देव कंटाळला नसेल एवढी मी कंटाळले होते.

पाव घालणारा पोदेर सायकलवरून उतरायच्या आधीच 'हरी' म्हणून मोकळा व्हायचा. काका त्याला अडवायचे, "आदी नाय, जाग्यार म्हण." पणजीला एका कचेरीत तर खिडकीतल्या बाईंकडूनही त्यांनी 'हरी' वदवून घेतलं, मगच कागद पुढे केला. मागे रांगेत मी होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परवा सुट्टी होती, म्हणून काकींसाठी पेज घेऊन गेले. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. त्याआधी काका ओसरीवर जपाला बसले की चुलीपाशी बसून 'हरी' म्हणायच्या त्या काकीच. काकांचं हे वेड त्या झटक्यानंतरचं.

काका खाटेपाशी बसून काकींचे केस विंचरत होते. "जय जय राम कृष्ण..." म्हणाले आणि थांबले. फणी केसांत तशीच. काकींचे ओठ हलले, आवाज काही आला नाही. काका वाट बघत राहिले. मला ते बघवेना. सवयीने मी तोंड उघडलं, तर त्यांनी मागे न वळताच हात वर केला.

"तू नाका गो बाय. ती जागा तिची."

मग काकींकडे वाकून हळूच म्हणाले, "घाई नाय गो. आज नाय तर फाल्यां."

पेज ठेवून घरी आले.

संध्याकाळी कुंपणापलीकडून हाक आली. भांडी तशीच टाकून मी दारात गेले आणि अगदी जागेवर, आत काकींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, 'हरी' म्हटलं.