एकवीस लिंबं आणि एक माउंटिंग

गाडीतलं मला कळतं. ही बढाई नव्हे. इंजिनीअरिंगला चार वर्षं घातलीत, शिवाय निम्मं आयुष्य उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत गेलंय. म्हणून तर ती सेकंडहँड लाल स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा बायकोला, अक्षताला, मी छातीठोक सांगितलं होतं, "हिचं काही बिघडलंच, तर दुरुस्त करायला मी आहे!"

पंधरा दिवसांत गाडीच्या मागच्या बाजूनं धाडधाड आवाज यायला लागला. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना वाटून देणारा डिफरन्शियल नावाचा एक लोखंडी गड्डा असतो. तो ज्या रबरी माउंटिंगवर टांगलेला असतो, तेच फाटलं होतं. बाळासो मेस्त्रींनी नवं बसवलं. गाडी दारात आली आणि आमची आई, आक्काताई, लिंबं घेऊन बाहेर आली. दृष्ट लागली, हे तिचं निदान. तिनं मागच्या दोन्ही चाकांपुढं एकेक लिंबू ठेवलं. बघायला गल्ली जमली. आता एवढी गल्ली जमल्यावर गाडी काय हळू न्यायची? मी अ‍ॅक्सिलरेटर असा दाबला, की रस थेट शेजारच्या विजयसिंहकाकांच्या चष्म्यावर उडाला. टाळ्या पडल्या!

आठवड्यात माउंटिंग पुन्हा गेलं. बाळासोंनी जाड रबराचं बसवलं, आईनं चार लिंबं ठेवली. तेही गेलं, तशी आई नवावर गेली. मग मात्र माझ्यातला इंजिनीअर पेटला! शिरोलीच्या एका फाउंड्रीतून मी पोलादी माउंटिंग ओतून आणलं. उसाची ट्रॉली टांगली तरी हे हलायचं नाही, असं बाळासो म्हणाले आणि खरंच ते हललं नाही. ते ज्याला आवळलं होतं, तो गाडीचा पत्राच फाटला.

अक्षतानं आवाज चढवला नाही, तिथंच मी घाबरलो. तिनं शांतपणे सांगितलं, की पन्हाळ्याला म्हणून निघून आपण तीनदा रिक्षानं घरी आलोय. इचलकरंजीचं एक गिऱ्हाईक रविवारी संध्याकाळी गाडी बघायला येतंय. तोवर परत मोडली, तर विकायची. शाळेच्या वहीत मी अभ्यासापेक्षा जास्त अशाच गाडीची चित्रं काढली होती हो. मला रडूच यायचं बाकी होतं.

शनिवारी बाळासोंनी पत्र्याला पट्टी लावून वेल्डिंग केलं, पुन्हा रबरी माउंटिंग टाकलं आणि या खेपेला गाडी स्वतः घरी आणून दिली. ते कट्ट्यावर चहा घेत बसले. आईनं चाकांपुढं एकवीस लिंबं ओळीनं मांडली. विजयसिंहकाका चष्मा काढून तयारीत उभे राहिले. मी इंजिनाचा आवाज वाढवला.

बाळासो कप तसाच ठेवून खिडकीशी आले. "दर टायमाला असंच करतासा?"

"दर वेळी," मी अभिमानानं म्हणालो.

"तरीच गाडीखाली लिंबाच्या बिया घावत्यात. मला वाटलं, सरबताचा धंदा हाय." मग ते कानाशी वाकले. "रसावर चाक घसरतंय, म्होरं कोरड्या फरशीवर एकदम धरतंय. त्यो समदा हिसका माउंटिंगला बसतोय. दुसरा कायबी रोग न्हाय की गाडीला."

म्हणजे दृष्ट काढता काढता गाडी मीच मोडत होतो! आई नारळ घेऊन उभी होती. तिला लिंबाचं तेवढं तुम्ही सांगा, असं मी बाळासोंना विनवलं. एरवी अख्ख्या उद्यमनगरला ऐकू जाईल असं बोलणारे बाळासो मुकाट्यानं चहाकडं परत गेले.

शेवटी मी त्या एकवीस लिंबांवरून गाडी अशी नेली, की मागून विजयसिंहकाकांनी विचारलं, "बंद पडली व्हय? ढकलू का?" गल्ली निराश होऊन पांगली.

रविवारी सकाळी आम्ही पन्हाळा चढून उतरलो, माउंटिंगनं हूं की चूं केलं नाही. संध्याकाळी अक्षतानं गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवलं. मला तेव्हा तिच्या पायाच पडावंसं वाटलं.

याला आता सात महिने झाले. आई येईल त्याला सांगते, "एकवीस केली, तवा गुण आला." गल्लीतली प्रत्येक नवी गाडी आता तिच्याकडूनच दृष्ट काढून घेते. मंडईतून लिंबं आणायचं काम माझ्याकडं आहे. ती मी अक्षताच्या स्कूटरवरून आणतो. एवढ्या गर्दीत आपली गाडी न्यायची नाही, दृष्ट लागते, असं आईनं बजावलंय.