नाना सबनिसांची सही

खंडेनवमीला लोक आपापल्या घरी हत्यारं पुजतात. आमच्या मुलुंडच्या चाळीत मात्र सगळ्या बिऱ्हाडांची शस्त्रं आदल्या दिवशीच नाना सबनिसांकडे जमा करावी लागत. विळ्या, अडकित्ते, कोयते, झालंच तर माझं फाउंटन पेन. नाना एकेकाची धार अंगठ्यावर तपासत आणि गंजलेली विळी दिसली, की "वहिनी, गाफील राहिलात" असं त्या घरच्या बाईंना ऐकवत.

नाना विमा कचेरीत हेडक्लार्क. स्वराज्याला सात-आठ वर्षं झाली होती, आणि लष्करावरचा खर्च वाढवा हे सरकारला बजावण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. अंदाजपत्रक आलं, की शेती, रेल्वे वगैरे ओलांडून त्यांची नजर थेट संरक्षणावर. वाढ दिसली तर चाळभर पेढे, नाही तर दिल्लीला कार्ड. "सीमा काय आरेच्या दुधावर राखणार?" हा त्यांचा ठरलेला सवाल. समोरचे दाते चिडवायचे, की दुसऱ्यांची पोरं लढवणं सोपं असतं.

मग एक दिवस नानांच्या एकुलत्या एका मुलानं, विजयनं, लष्करात अधिकारी व्हायचा अर्ज आणला. त्यावर वडिलांची संमती हवी होती. पहिल्या दिवशी नानांना चष्मा सापडेना. दुसऱ्या दिवशी शाई फिकी वाटली. तिसऱ्या दिवशी अमावास्या निघाली. दाते गॅलरीतून गालात हसत होते, आणि खरं सांगतो, मीही हसलो.

चौथ्या दिवशी नानांनी पहाटे आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि ठसठशीत सही केली.

विजय निवडला गेला. डेहराडूनला प्रशिक्षणासाठी निघायच्या दिवशी बायकांनी त्याला ओवाळलं, आणि ट्रंक उचलली ती दात्यांनी. नानांचा मला फार अभिमान वाटला.

सगळे पांगल्यावर नाना जिन्यात बसले. मी शेजारी टेकलो.

"पोरं काय, आपण देतोच रे," ते म्हणाले. "मी ओरडतो ते एवढ्यासाठीच, की त्यांना रिकाम्या हातानं उभं करू नका. तयारीत असतील तर परत येतील."

मी मान डोलावली. मग त्यांनी हळूच विचारलं, "डेहराडूनला थंडी फार असते का रे?"