चोवीस घरांची टाकी आणि माझा ड्रॉपर

मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. तरी सूक्ष्मदर्शकाखाली एकपेशीय जीव ओळखण्यात अख्ख्या नागपुरात माझा हात धरणारा कोणी नाही! हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

गॅलरीत मी रंग संपलेल्या तीन बादल्या ठेवल्या आहेत. त्यांत तळ्याचं पाणी आणि मूठमूठ तणस, म्हणजे ढोरांपुढे टाकतात तो भाताचा पेंढा. त्यावर माझे पॅरामिशियम पोसतात. चपलेच्या आकाराचे, सीताबर्डीच्या गर्दीसारखे एकमेकांना धक्के देत पळणारे! तणस घालतो म्हणून माझी बायको प्रेमिला त्यांना 'तुमचे ढोरं' म्हणते.

मे महिना, पारा पंचेचाळीसवर. बादलीतला थेंब पाहून झाला आणि मला बुद्धी झाली, की जरा नळाचाही पाहावा. पाहिला. आणि किंचाळलो!

"प्रेमिला! आपण ढोरं पिऊन राहिलो वं!"

इमारतीचे सेक्रेटरी चंपतराव टॉवेलवरच धावत आले. त्यांनी डोळा लावला.

"अरे बापा! हे तं पळून राहिले!"

"पळतीलच! तुमच्या कारभारात तेवढंच चालून राहिलं!"

"टाकी मागच्याच महिन्यात धुतली गा, भाऊ."

"विज्ञानासमोर खोटं बोलता? लाज वाटते का?"

दुपारपर्यंत चोवीस घरांची रांग माझ्या टेबलापाशी! जो पाही तो तोंड दाबून पळे. शेजारच्या रंभाबाई सकाळपासून किती गिलास प्यायल्या ते बोटांवर मोजत बसल्या. लोकांनी घागरी ओतल्या, पिंपं ओतली, कूलर उपसले. टाकीचा व्हॉल्व्ह मी स्वतःच्या हातानं उघडला. नळ येणार दुसऱ्या दिवशी सकाळी. पण तत्त्व म्हणजे तत्त्व!

विजयी होऊन घरी आलो, तर प्रेमिला हातात ड्रॉपर घेऊन उभी.

"काहो, बादलीत बुडवला तो हाच न? नळाचं पाणी घ्यायच्या आधी धुतला होता का?"

तिनं नळाच्या पाण्याची एक बाटली लपवून ठेवली होती. माझ्यावर इतका विश्वास! मी ड्रॉपर धुतला, बाटलीतला थेंब पाहिला. आरशासारखा स्वच्छ. एक ढोर नाही!

"जा, सांगा खाली."

"त्याच टाकीत टाकतील मले!"

"मंग निदान कूलर तं चालू द्या. जीव चाललाय माझा." आणि तिनं माझ्या तिन्ही बादल्या, तीन वर्षांचं गोधन, कूलरमध्ये रिकाम्या केल्या.

चार वाजता साऱ्या इमारतीत फक्त आमच्याकडे गार हवा! आधी चंपतराव आले, मग सारेच. फरशीवर मांडीला मांडी लावून बसले.

"भाऊ, तुमच्यामुळे वाचलो गा," चंपतराव म्हणाले, "पण तुमच्या कूलरमधी पाणी कुठून?"

मी कूलरपुढे सरकून बसलो.

"यायनं साठवून ठेवलं होतं," प्रेमिला म्हणाली. खोटं एक अक्षर नाही.

"याले म्हणतात दूरदृष्टी!" टाळ्या पडल्या.

रंभाबाईंनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "तळ्याकाठी बसल्यावानी वाटून राहिलं हो!"

मी मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला.